किती लागतील?

नवरात्र उठलं की कॉलेजात एकच प्रश्न फिरायला लागतो. स्टाफरूमच्या दारात, लायब्ररीच्या पायऱ्यांवर, कधी पालघर स्टेशनच्या पुलावर मागून हाक मारून: ‘मॅडम, विषय निघेल ना माझा?’ मी गणित आणि संख्याशास्त्र शिकवते, म्हणून हा प्रश्न माझ्यापर्यंत जरा जास्तच येतो. विचारणारी मुलं बोईसर, वाणगाव, उमरोळी, सफाळे अशा स्टेशनांवरून येतात. काही मनोर-विक्रमगडकडून एसटीने. सगळी घाईत असतात. ‘निघेल गं, काळजी करू नकोस’ एवढं ऐकलं की त्यांना पुरतं, आणि नेमकं तेच मला म्हणवत नाही. मी विचारते, ‘आत्ता हातात किती आहेत?’

इथे बहुतेक जण अडतात. ‘इंटर्नलचे? ते अजून सांगितले नाहीत.’ ‘बरे असतील, मॅडम.’ ‘टेस्ट तर चांगली गेली होती.’ म्हणजे परीक्षा तोंडावर आली, सत्र संपत आलं, आणि आपण उभे कुठे आहोत याचा मुलाला पत्ता नाही. विषयाच्या शंभरातले काही गुण सप्टेंबरातच ठरून गेलेले असतात. ते कुठल्या तरी कपाटातल्या यादीत शाईने लिहिलेले असतात. ज्याचे आहेत त्याला मात्र ते माहीत नसतात. कमी गुण पडले की मुलं रडतात, चिडतात आणि सावरतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. किती पडले हेच ठाऊक नसलं की ती सैरभैर होतात. मग सगळंच वाचायला घेतात आणि काहीच पुरं होत नाही.

म्हणून मी कागद काढायला लावते. वहीचं शेवटचं पान चालतं. ज्या तुकड्यांना 75-25 होतं, त्यांचाच हिशेब इथे मांडते, कारण तो माझ्या हातून सर्वांत जास्त वेळा झाला आहे. पंचवीस गुण अंतर्गत: वीसची क्लास टेस्ट, पाच हजेरी आणि वर्गातल्या वागण्या-बोलण्याचे. पंचाहत्तर सत्रान्त परीक्षेचे. उत्तीर्ण व्हायला चाळीस टक्के, पण ते दोन्हीकडे वेगवेगळे हवेत. पंचवीसपैकी 10 आणि पंचाहत्तरपैकी 30. हे ‘वेगवेगळे’ मुलांच्या डोक्यात शिरत नाही आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण बारावीपर्यंत त्यांना बेरीज बघायची सवय लागलेली असते. एखादा म्हणतो, इंटर्नल गेलं तर गेलं, पेपरात भरून काढीन. त्याला मी लिहून दाखवते: अंतर्गत 9, पेपरात 70. बेरीज 79. निकाल नापास. मग उलटं: अंतर्गत 24, पेपरात 29. बेरीज 53, निकाल तोच. (ग्रेसचे नियम आहेत; एखाद्या गुणाने अडकलेला त्यात सुटतोही. पण ग्रेस धरून अभ्यास आखू नये, हे मी दर वर्षी बजावते.) हे दोन आकडे एकदा समोर आले की मुलं आपोआप विचारतात, ‘मग माझे इंटर्नल किती आहेत, मॅडम?’ मला हवा असतो तो हा प्रश्न.

इंजिनिअरिंगच्या मुलांचा साचा निराळा. पालघरला आणि बोईसरला इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, आणि गाडीत ती मुलं भेटतात. त्यांचं 80-20 असायचं: वीसच्या दोन टेस्ट, त्यांची सरासरी, आणि पास व्हायला वीसपैकी 8, ऐंशीपैकी 32. आता नव्या शैक्षणिक धोरणाच्या तुकड्यांना 60-40 आलं, श्रेणींच्या पायऱ्याही बदलल्या. विद्यापीठ बदलत राहील. अंतर्गत गुणांचं वजन वाढलं, म्हणजे परीक्षेआधीच ठरून गेलेला हिस्सा वाढला, आणि तो मुलाला कळण्याची निकडही तेवढीच वाढली, एवढं मात्र मला दिसतं.

पास होणं ही पहिली पायरी. त्याच्या पुढच्या पायऱ्यांबद्दल इथली मुलं क्वचित विचारतात, आणि मला सर्वांत जास्त वाईट त्याचंच वाटतं. मुंबई विद्यापीठात 2016-17 पासून जी दहा गुणांकांची श्रेणी आली, तिच्यात 80 आणि त्याच्या वर ‘ओ’, सत्तरच्या घरात ‘ए प्लस’, साठच्या घरात ‘ए’, 55 ते 60 ‘बी प्लस’, 50 ते 55 ‘बी’, मग ‘सी’, ‘डी’ आणि चाळीसखाली ‘एफ’. यात 61 आणि 69 एकाच पायरीवर बसतात, 59 आणि 60 मात्र दोन वेगळ्या पायऱ्यांवर. म्हणजे ज्याला साधारण 59 पडतील अशी अवस्था आहे, त्याने एक गुण जरी जास्त मिळवला तरी त्याचा गुणांक सातावरून आठावर जातो. ज्याला 62 पडणार आहेत त्याला त्याच एका गुणाने श्रेणीत काही मिळत नाही. आपण पायरीच्या कडेला आहोत की मध्यावर, हे परीक्षेआधी ठाऊक असलं तर शेवटचे पंधरा दिवस कुठे घालवायचे हे ठरवता येतं.

बोईसरचा एक मुलगा आठवतो. बी.एस्सी.ला होता, रात्रपाळी करायचा. तारापूर एमआयडीसीत कंत्राटदाराकडे काम, सकाळी पाळी सुटली की घरी अंघोळ आणि मग गाडी. वर्गात डोळे ताणून बसायचा. त्याचं आजोळ अक्करपट्टीचं. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या युनिटासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, आणि तेव्हापासून त्या भागातल्या घराघरांत एकच इच्छा बोलली जाते: पोरगा केंद्रात लागावा. पहिली दोन युनिटं 1969 साली सुरू झाली, देशातली पहिली अणुवीज तिथे झाली. आमच्याकडे त्या केंद्राचा उल्लेख नुसता ‘टॅप्स’ असा होतो. या मुलालाही तिथे जायचं होतं. पण त्याचं म्हणणं असं, ‘मॅडम, मला काय फर्स्ट क्लास नको. विषय सुटले की बास.’

मी त्याला विचारलं, जाहिरात वाचलीस का? त्याने वाचली नव्हती. अणुऊर्जा महामंडळाच्या प्रशिक्षणार्थी भरतीत पदवीधरांना किमान 60 टक्के मागतात. साठ नसतील तर लेखी परीक्षेला बसायलाच मिळत नाही, मग गाव कोणासाठी उठलं होतं हे कोण विचारणार? त्याच्या घरात हे कुणाला माहीत नव्हतं. वडील म्हणत, डिग्री हातात आली की बघू.

आम्ही वही उघडली. माझ्या विषयात त्याचे अंतर्गत 18 होते. पास व्हायला पंचाहत्तरपैकी 30 पुरे. साठाला पोचायला 42. मधलं अंतर बारा गुणांचं. आमच्या गणिताच्या पेपराचा साचा त्याला तोंडपाठ होता: तीन युनिटं, प्रत्येकावर वीस गुणांचा एक प्रश्न, आणि शेवटचा पंधरा गुणांचा, तिन्ही युनिटं मिळून. तो एकटाच मोजायला लागला. पहिलं युनिट येतं, सोळा धरू. दुसऱ्यातली प्रमेयं येत नाहीत, उदाहरणं येतात, दहा. तिसरं वाचलेलंच नाही. पंधराच्या प्रश्नात पाच-सहा. झाले एकतीस-बत्तीस. पेन्सिलीचं टोक त्या बत्तीसवर ठेवून तो म्हणाला, ‘म्हणजे तिसऱ्या युनिटात दहा पाहिजेत.’ इतकंच. तिसऱ्या युनिटाची त्याला भीती वाटत होती, कारण अख्खं युनिट म्हणजे डोंगर. त्यातले दहा गुण म्हणजे दोन व्याख्या, एक प्रमेय, एका जातीची उदाहरणं. रात्रपाळीच्या माणसालाही ते झेपतं. त्याने सुपरवायझरला सांगून पंधरा दिवस पाळी बदलून घेतली. तशी मागणी करायचा धीर त्याला झाला, कारण आता त्याच्याकडे सांगायला एक आकडा होता.

सगळ्या विषयांना सारखा वेळ देणं हा प्रामाणिक मुलांचा दोष. श्रेयांक, म्हणजे मुलं ज्याला क्रेडिट म्हणतात, ते गुणपत्रिकेवर छापलेले असतात आणि फार थोडी मुलं ते वाचतात. समजा सत्राचे मिळून 20 श्रेयांक आहेत. चार श्रेयांकांच्या विषयात ‘बी’चं ‘ए’ झालं, म्हणजे गुणांक सहाचा आठ झाला, तर सत्राच्या सरासरीत 0.4 ची भर पडते. दोन श्रेयांकांच्या विषयात ‘ए’चं ‘ओ’ केलं, तरी दोन पायऱ्याच चढल्या, पण भर पडते 0.2 ची. आवडीच्या छोट्या विषयात चमकायला मेहनत घ्यावी, जरूर घ्यावी; फक्त ती कशाच्या बदल्यात घेतो आहोत हे माहीत असावं.

आता ते अंतर्गत गुण कमी का पडतात, त्याबद्दल. मुलं टाळाटाळ करतात, असं स्टाफरूममध्ये सर्रास बोललं जातं. काही करतातच. पण मी हजेरीपटावर तारखा लावून बघते तेव्हा वेगळंच दिसतं. जुलैत आवणी असते. विक्रमगड, जव्हारकडच्या, आणि पालघरच्या आसपासच्या गावांतल्याही मुली गुडघाभर चिखलात असतात, कारण मजूर मिळत नाही आणि भात थांबत नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या की सातपाटी, दांडी, नवापूरच्या घरांत पहाटेपासून हात लागतात. चिंचणी-वरोरकडची मुलं घरात डाय कोरायला बसतात. दागिन्यांचा मोसम दिवाळीआधी. आणि पाऊस जोरात लागला की वैतरणेच्या आगेमागे गाडी उभी राहते ती राहतेच. 2013 च्या एप्रिलात डहाणूपर्यंत लोकल आली, तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला होता! तरी दोन गाड्यांमधलं अंतर विरारच्या पलीकडच्या, मुंबईकडच्या माणसाला सांगून पटत नाही. क्लास टेस्टला पाऊण तास उशिरा पोचलेला मुलगा वीसपैकी सात घेऊन बसतो, आणि पाचांतले हजेरीचे गुणही त्याच कारणांनी गेलेले असतात. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम मला मान्य आहे. मात्र ज्याचे गुण असे गेले त्याला ते वेळेत कळले, तर तो अर्ज करू शकतो, कारण दाखवू शकतो, पुन्हा टेस्ट मागू शकतो. नंतर कळून काय उपयोग?

नंतर कळणं म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला विचारावं. निकालात चूक निघाली की कालिना. विद्यापीठाचं परीक्षा भवन तिथे. बोईसरहून निघायचं, अंधेरी किंवा सांताक्रूझला उतरायचं, खिडकीवर उभं राहायचं, ‘कॉलेजचं पत्र आणा’ ऐकून परत यायचं. एक दिवस गेला, मजुरी गेली. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झाला, बरीच कामं जवळ आली. हे काम जवळ आलं नाही.

2017 ची तुकडी तर हे कधी विसरणार नाही. त्या वर्षी विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं, तयारी अपुरी पडली, कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदत उलटली आणि निकाल पुढे पुढे जात राहिले. ऑक्टोबरात कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं. तोवर पुढच्या प्रवेशांचे दिवस निघून गेले होते. त्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी ज्यांना आपले अंतर्गत गुण माहीत होते आणि पेपर कसा गेला याचा अंदाज होता, ती निदान बोलत तरी होती. बाकीच्यांना धीर कशाच्या आधारावर द्यावा हे मला कळत नव्हतं.

आपले गुण मागणं म्हणजे उद्धटपणा, ही समजूत इकडे अजून घट्ट आहे. मागच्या पिढीला वर्षाअखेर एकच परीक्षा होती. पेपर दिला, हात जोडले, निकालाची वाट पाहिली. तीच माणसं आज आईबाप आहेत. गुणपत्रिका हातात धरून ती मला विचारतात, ‘मॅडम, बी प्लस म्हणजे किती टक्के?’ आणि मुलाला दटावतात, ‘मॅडमना फार विचारू नकोस.’ त्यांना मी सांगते, विचारू द्या. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली, सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात, परीक्षार्थीला माहिती अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते असं स्पष्ट केलं. एवढ्या मोठ्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर जर मुलाचा हक्क आहे, तर वीस गुणांच्या टेस्टचा पेपर त्याच्या हातात ठेवायला आपल्याला काय हरकत? टेस्टचे पेपर परत द्यावेत, यादी सत्रान्त परीक्षेच्या किमान तीन आठवडे आधी रोल नंबरांनिशी लावावी, खाली हरकतीची तारीख लिहावी. याला पैसा लागत नाही. काही सहकाऱ्यांना वाटतं, गुण कळले की मुलं ढिली पडतात किंवा भांडायला येतात. भांडायला येतात, हे खरं आहे. आली पाहिजेत.

एका वर्षी एका यादीपुढे एक मुलगी अशीच आली. उमरोळीची, कमी बोलणारी. यादीत तिच्या नंबरापुढे 9 लिहिलेले. तिने पिशवीतून टेस्टचा पेपर काढला, घडीवर घडी घातलेला, आणि माझ्यासमोर उलगडला. लाल शाईत 13. हजेरीचे चार धरले तर तिचे 17 व्हायला हवे होते. आम्ही पट आणि यादी शेजारी ठेवून ओळीवर पट्टी लावत गेलो. उतरवताना एका गैरहजर मुलाची जागा सुटली होती आणि तिथून खालचे सगळे गुण एकेक ओळ वर सरकले होते. तिचे 17 तिच्या आधीच्या मुलापुढे पडले होते. तिच्यापुढे आलेले 9 तिच्या नंतरच्या मुलाचे होते.

यादी दुरुस्त झाली. तिने तिथेच उभ्या उभ्या पुढचा हिशेब मांडला: पास व्हायला 30, साठाला 43. नंतरचा नंबर ज्याचा, तो मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी माझ्याकडे तावातावाने आला. कालपर्यंत त्याच्यापुढे चांगले गुण दिसत होते, आज 9. ‘परीक्षा एवढी जवळ आल्यावर हे काढायची काय गरज होती, मॅडम?’ मी त्याला बसवलं, त्याचा टेस्टचा पेपर मागितला. त्याने तो घेऊनच ठेवला नव्हता. मग त्याला नियम समजावला: अंतर्गतमध्ये अडकलास तरी पेपरात 30 पडले की ते गुण तसेच पुढे धरले जातात, फक्त अंतर्गत परत द्यावं लागतं; म्हणून पेपर सोडून द्यायचा विचारसुद्धा करू नकोस. तो बराच वेळ काही बोलला नाही, रागातच होता. उठताना त्याने विचारलं की अतिरिक्त परीक्षेचा फॉर्म ऑफिसात मिळतो की विभागात, आणि टेस्टच्या दिवशी गाडी बंद होती याचा पुरावा म्हणून काय लावता येईल.